मुलीला भारताची राजदूत व्हायचंय? आधी नागरिकत्व बघा, मग कॉलेज

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकरोडचे, सध्या अमेरिकेत. मुलगी अकरावीत आहे. तिला आंतरराष्ट्रीय संबंध शिकून भारताच्या परराष्ट्र सेवेत जायचे आहे. तिचा जन्म इथलाच, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. पदवी इथे करावी की भारतात?

उत्तर : भारताचा पासपोर्ट तुमच्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. तुमच्या मुलीकडे मात्र तो नाही, आणि सगळा प्रश्न तिथेच अडतो. ओसीआयच्या नावात ‘सिटिझन’ असल्याने अनेक घरांची फसगत होते. या कार्डावर भारतात येता-राहता येते, शिकता येते. सरकारी सेवेत जाता येत नाही. परराष्ट्र सेवेची भरती यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून होते आणि तिथे भारतीय नागरिकत्व लागतेच.

वाट बंद नाही. वय १८ पूर्ण, ओसीआय नोंदणीला ५ वर्षे झालेली आणि अर्जाच्या आधीचे सलग १२ महिने भारतात वास्तव्य, एवढे जमले की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. गडबड होते ती ‘सलग’ या शब्दावर. उन्हाळी सुट्टीत दोन महिने आईवडिलांकडे गेली की हिशेब बिघडला. खास परिस्थितीत सरकार जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट देऊ शकते, पण तिच्या भरवशावर तिकीट काढू नका. आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. अमेरिकेचे सोडावे लागेल. हा निर्णय सतराव्या वर्षी उत्साहाच्या भरात होऊ देऊ नका. पासपोर्ट अमेरिकेचाच ठेवला तर अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेचा रस्ता मोकळा आहे, हेही तिला स्पष्ट सांगा.

कॉलेजचे उत्तर त्यामानाने सोपे. यूपीएससीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. परदेशातली असेल तर तिची समकक्षता मान्य असावी लागते, म्हणून प्रवेशाआधीच चौकशी करा. बीएला राज्यशास्त्र, इतिहास किंवा अर्थशास्त्र घेऊन पाया पक्का करावा आणि आंतरराष्ट्रीय संबंध एमएला घ्यावेत, असे आमचे मत. आजी-आजोबांकडे राहून नाशिकच्या एचपीटी किंवा केटीएचएममध्ये बीए केले तर १२ महिन्यांची अटही शिकता शिकता भागते. पुढे दिल्लीत जेएनयू, पुण्यात सिंबायोसिस आहेच. यूपीएससीच्या या परीक्षेला खुल्या गटाला वयोमर्यादा २१ ते ३२ वर्षे आणि बसण्याच्या संधी ६, त्यामुळे नागरिकत्वाचे काम लांबवले तर उमेदीची वर्षे त्यातच जातात.

आता ज्याकडे परदेशातल्या घरांचे लक्षच जात नाही, ते. मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा ३०० गुणांचा सक्तीचा पेपर असतो. तुमच्या मुलीसाठी ती भाषा अर्थातच मराठी. २५ टक्के, म्हणजे ७५ गुण मिळाले की पुरे, ते अंतिम गुणांत धरतही नाहीत. पण तेवढे मिळाले नाहीत तर निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषयाचे पेपर तपासलेच जात नाहीत. निबंध १०० गुणांना, उताऱ्यावरचे प्रश्न ६०, सारांशलेखन ६०, इंग्रजीतून मराठी आणि मराठीतून इंग्रजी भाषांतर २०-२०, व्याकरण ४०; वेळ ३ तास. घरी फडाफडा मराठी बोलणारी मुलेही इथे अडखळतात, कारण देवनागरी हाताने लिहिलेलीच नसते. मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी टाइप करण्याची सवय असली की जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ हमखास चुकतात, आणि निबंध अर्ध्यावरच थांबतो. बालभारतीची आठवी ते दहावीची मराठी पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात. रोज एक पान हाताने लिहायला आजपासूनच लावा.

पुढच्या सुट्टीत नाशिकला आलात की तिला सकाळी लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव बघायला न्या. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. दरम्यान बाजारात काय झाले, बाहेरदेशच्या गिऱ्हाइकांनी काय केले, हे तिने शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला, दोघांनाही विचारावे. परराष्ट्र धोरण आणि देशातली महागाई एकमेकांना कशी ओढतात, हे तिथे जितके नीट कळेल तितके वर्गात कळणार नाही. घरी येऊन त्यावर ६०० शब्द मराठीत लिहावेत, आजोबांनी लाल पेनाने तपासावेत, आणि मग त्याचाच २०० शब्दांत सारांश करावा. परीक्षेतही सारांश एक तृतीयांशच मागतात.