दुसरीतली मुलगी ४३ + २० तोंडी करताना बोटं मोजत बसते, काय करू?

तुम्ही लिहिलंय की ४३ मध्ये २० मिळव म्हटलं की ती ४४, ४५, ४६ करत बोटांवर मोजत जाते आणि मधेच चुकते. टेन्शन घेऊ नका, मी धायरीत घरी पहिली ते चौथीच्या शिकवण्या घेते, दर जूनमध्ये अशी चारपाच पोरं माझ्याकडे येतातच.

माझ्या मते अर्धा घोळ बेरजेचा नाहीच, नावांचा आहे. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि चाळीस नंतर, लिहायचं मात्र उलटं. त्यात एकोणचाळीस, कानाला चाळीस आणि पाटीवर ३९, मग त्यात दहा मिळव म्हटलं की पोरगं गडबडणारच ना. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीससोबत वीस एक, वीस दोन असं वाचन आलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर केवढी टिंगल झाली, मीही दोनचार जोक फॉरवर्ड केले, खोटं कशाला बोलू. पण बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा सांगत होत्या की अशा उलट्या नावांनीच पोरं अडखळतात, ते रोज शिकवायला बसल्यावर पटलं.

म्हणून पहिला आठवडा नावं बाजूलाच ठेवा. दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी घ्या, ४३ मांडायला सांगा, ती म्हणेल चार दहा आणि तीन. आता तुम्ही वीस द्या आणि विचारा, काय वाढलं? नोटा. नाण्यांना हात लागला का? नाही. हे तीनचार दिवस झालं की खरी गंमत, सगळं रुमालाखाली झाकायचं, तिच्यासमोर दोन नोटा आत सरकवायच्या आणि न बघता सांग म्हणायचं. इथे घाई करू नका, तोंडी हिशोब इथेच सुरू होतो. सहा दहा तीन असं आलं की मग शेवटी त्रेसष्ट. वजाबाकीला रुमालाखालून नोटा बाहेर काढायच्या, बाकी सगळं तेच. बेरजेत उत्तर ४५ आलं तर समजायचं की तिने नोटा नाण्यांत टाकल्या, ओरडू नका, रुमाल उचलून दाखवा.

मग स्कूटरवर येताजाता सात, सतरा, सत्तावीस, सदतीस असं दहादहाने पुढे आणि तसंच मागे म्हणून घ्या. नऊपासून सुरू केलं की एकोणीस, एकोणतीस करत एकोणनव्वदनंतर बरीच पोरं एकोणशंभर म्हणतात, आणि खरं सांगू, बरोबरच आहे की त्यांचं!

अंकलिपीत आकडे वरून खाली उभे असतात त्यामुळे दहा मिळवले की शेजारचा उजवीकडचा आकडा येतो, तेही दाखवा. सापशिडीचा पट मात्र वापरू नका, त्यात एक ओळ डावीकडून आणि पुढची उजवीकडून जाते, दहा पुढचा आकडा बरोबर वर येतच नाही.

उभी मांडणी आणि हातचा एवढ्यात नको, नाहीतर ती हवेत बोटाने गणित लिहीत बसेल. शंभर ओलांडणं अगदी शेवटी, ८० + ३० म्हणजे आठ नोटा आणि तीन नोटा, अकरा नोटा, ११०.

खेळण्यातल्या नोटाही चालतात पण खऱ्या असल्या की पोरं जास्त नीट मोजतात, फक्त उठताना मोजून परत घ्या.