'ग्राहक विश्वास' की 'ग्राहकांचा धीर'?

प्रश्न असा: 'कन्झ्युमर कॉन्फिडन्स', म्हणजे देशाच्या आणि घरच्या आर्थिक स्थितीबद्दल लोकांना काय वाटतं ते, यासाठी बातम्यांत कुठे 'ग्राहक विश्वास' छापतात, कुठे 'ग्राहक आत्मविश्वास'. यांतलं बरोबर कोणतं?

मला दोन्ही खटकतात. 'ग्राहकांचा विश्वास उडाला' असं वाचलं की डोळ्यांपुढे भेसळीचा खवा येतो. मराठीत विश्वास कोणावर तरी असतो आणि तो उडाला म्हणजे त्या कोणीतरी दगा दिला. इथे तसा कोणी नाही.

'आत्मविश्वास' का नको, हे 'कन्झ्युमर कॉन्फिडन्स' मोजणाऱ्या पाहणीतले प्रश्नच सांगतात. रिझर्व्ह बँकेची ही पाहणी दर दोन महिन्यांनी शहरांतल्या कुटुंबांना पाच गोष्टी विचारते: देशाची आर्थिक स्थिती, रोजगार, भाव, घरचं उत्पन्न आणि घरचा खर्च. वर्षापूर्वीपेक्षा आज कसं आहे, आणि वर्षभराने कसं असेल? पाचांतल्या तीन गोष्टी उंबऱ्याबाहेरच्या आहेत, तेव्हा 'आत्म' कुठून आणायचा? उत्तरांचा हिशेब सोपा आहे. चांगलं म्हणणाऱ्यांच्या टक्क्यांतून वाईट म्हणणाऱ्यांचे टक्के वजा करायचे, पाचांची सरासरी काढून शंभरात मिळवायची. शंभर आलं की पारडी समसमान. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, सद्यस्थितीचा आकडा ४८.५ वर आला होता.

मग शब्द कोणता? मी आधी 'भरवसा'पाशी थांबलो. 'पावसाचा भरवसा नाही', 'नोकरीचा भरवसा नाही' या बोलण्यात उद्याची काळजी नेमकी उतरते. पण 'ग्राहकांचा भरवसा नाही' म्हणून पाहा. ग्राहकच बेभरवशाचे ठरले! 'उमेद' गोड शब्द आहे, पण तिची नजर पुढे असते. वर्षभराने काय होईल, एवढ्यापुरती ती चालेल. आज कसं चाललंय, हे तिच्यात मावत नाही.

माझ्या वहिनींच्या फ्रिजचं दार गेली दोन वर्षं दोरीने बांधलेलं आहे. पैसे नाहीत असं नाही. दिवाळीत विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, "घेऊ हो, पण सध्या धीर होत नाही." पाहणी करणारे जे मोजायला घरोघर जातात, ते हेच. खिशात किती आहे हे नव्हे, त्यातलं बाहेर काढायला मन धजतं का, ते. म्हणून घरचा खर्च वाढला असं उत्तर आलं तर ते चांगल्या बाजूला धरतात, भाव वाढले असं आलं तर वाईट बाजूला.

शिवाय 'धीर'सोबत क्रियापदं आयती मिळतात: येतो, होतो, वाढतो, खचतो, सुटतो. 'ग्राहकांचा धीर खचला' हा मथळा कोणालाही फोड करून सांगावा लागणार नाही. सरकारी कागदात 'ग्राहक विश्वास निर्देशांक' रुळला असेल तर तिथे तो राहू द्या, परिभाषा वारंवार बदलू नये. बातमीत आणि लेखात मात्र मी 'ग्राहकांचा धीर'च लिहीन.