तेवढेच पैसे परत आले, मग गिफ्ट कुठे गेलं?

या वेळी भावंडांच्या वाढदिवसावरची तीन पत्रं एकत्र घेतेय. तिन्ही पत्रं पैशाबद्दल आहेत आणि तिन्ही लिहिणाऱ्यांचं आपल्या भावाबहिणींवर मनापासून प्रेम आहे, हे वाचताना लगेच कळतं. पहिलं पत्र मोठं आहे, थोडं कमी करून देते.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही तिघं भावंडं, मी सगळ्यात मोठी, वय 46, भाऊ 43 चा आणि धाकटी बहीण 39 ची. तिघांचे संसार वेगळे, गावं वेगळी. आधी मी दोघांना वाढदिवसाला काहीतरी घेऊन पाठवायचे, शर्ट, पर्स, पुस्तक असं. मग भावाने एकदा सांगितलं की ताई तू घेतलेले शर्ट मला होत नाहीत गं, त्यापेक्षा पैसे पाठवत जा, मी माझं घेईन. मला पटलं. तेव्हापासून म्हणजे गेली 8 वर्षं आम्ही एकमेकांना पैसेच पाठवतो, रक्कम ठरलेली, मी दोघांना तेवढीच आणि ते दोघं मला तेवढीच. यंदा बहिणीने रक्कम वाढवली, मग भावाने वाढवली, मग मलाही वाढवावी लागली. नवरा म्हणतो वर्षाच्या शेवटी तुम्ही तिघं जिथे होतात तिथेच असता, मग कशाला करता. मी दुर्लक्ष करायचे. पण या वाढदिवसाला सकाळी सकाळी बँकेचे दोन मेसेज आले आणि भावाचा फोन दुपारी 3 नंतर आला, तोही दोन मिनिटं, "मिळाले ना गं पैसे?" एवढंच, आणि फोन ठेवल्यावर मला रडूच आलं. हे बंद करावं का? बंद केलं तर ताईने हात आखडता घेतला असं वाटेल त्यांना.

उत्तर: तुम्हाला रडू आलं ते पैशामुळे नाही आलं, पण पैशाचा त्यात हात आहे, म्हणून आधी पैशाचंच बोलूया.

तुमच्या भावाने 8 वर्षांपूर्वी जे सांगितलं ते अगदी बरोबर होतं. मोठ्या झालेल्या माणसाला काय हवंय हे बाहेरून ओळखणं खरंच अवघड असतं. जोएल वाल्डफोगेल नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1993 साली याच्यावर एक लेख लिहिला होता, त्याने विद्यार्थ्यांना विचारलं की तुम्हाला सणाला मिळालेल्या वस्तूंची किंमत किती असेल आणि तुमच्या लेखी त्या वस्तू केवढ्याच्या आहेत, आणि दोन्हीत 10 टक्क्यांपासून ते जवळजवळ एक तृतीयांशापर्यंत फरक निघाला. म्हणजे देणाऱ्याने शंभर खर्च केले तर घेणाऱ्याला ते नव्वदचं वाटतं, कधी सत्तरच्याही खाली. न होणारे शर्ट म्हणजे हेच. रोख पैशात ही गळती होत नाही, शंभराचे शंभर पोचतात. तेव्हा पैसे द्यायचं तुम्ही ठरवलंत त्यात काही चुकलं नव्हतं, आणि "पैसे देणं म्हणजे आपुलकी नसणं" असं जे कोणी म्हणतं ते मला मुळीच पटत नाही. ज्याला खरी गरज आहे त्याच्या हातात पैसे ठेवण्याइतकी आपुलकीची गोष्ट दुसरी कुठली असेल.

पण तुमच्याकडे वेगळंच झालंय. तिघांत मिळून वर्षाला सहा ट्रान्सफर होतात, प्रत्येकाचे दोन जातात आणि दोन येतात, आणि बेरीज शून्य. तुमचे मिस्टर हिशोबाच्या अंगाने बोलतात, मला त्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळं आहे. पिएर बुर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने लोक एकमेकांना भेटी कशा देतात याचा फार बारकाईने अभ्यास केला होता आणि त्याचं म्हणणं असं की परतभेट नेहमी थोड्या काळाने द्यायची असते आणि ती वेगळी असावी लागते, कारण तीच वस्तू लगेच परत केली तर तो सरळसरळ नकार होतो, म्हणजे तुझं मला काही नको, हे घे तुझं तुला. तुमच्याकडे मध्ये काही महिने जातात हे खरं, पण येते ती तीच रक्कम, पैशापैशापर्यंत तीच. कुणाच्या मनात नकार नाहीये, तरी मनाला तो कुठेतरी लागतो. तुम्ही भावाला काहीतरी दिलंत ही भावनाच उरत नाही, फक्त बाकी फिटते. आणि बाकी फेडायची असली की माणूस काय विचारतो? "मिळाले ना पैसे?" असंच विचारतो. भावाचं तसं चुकलं नाही, तुम्ही तिघांनी मिळून जी पद्धत पाडलीत तिच्यात त्याच्यासाठी दुसरं वाक्यच राहिलेलं नाही.

रक्कम वाढत जाते तेही याच्यामुळेच. बहिणीला या वर्षी काहीतरी जास्त करावंसं वाटलं असणार, तिच्याकडे ते दाखवायला फक्त आकडा होता, म्हणून तिने आकडा वाढवला. तुम्ही दोघांनी लगेच बरोबरी केलीत आणि तिचं ते जास्तीचं पुसलं गेलं. मला तुमच्या पत्रातलं हे सगळ्यात वाईट वाटलं, तुमच्या लक्षातही आलं नसेल.

तर बंद करा असं मी सांगेन, पण गुपचूप नाही. पुढच्या वाढदिवसाला अचानक पैसे आले नाहीत तर समोरचा वर्षभर विचार करत बसतो की काय बिनसलं. कुणाचाच वाढदिवस जवळ नसताना दोघांना वेगवेगळा फोन करा. मोठी बहीण म्हणून तुम्ही सुरुवात केलीत तर ते दोघं सुटकेचा श्वास टाकतील असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं, कारण धाकट्यांना असं कधी म्हणता येत नाही, त्यांनी म्हटलं की ते कंजूषपणाचं दिसतं, तुम्ही म्हटलं की ते मोठेपणाचं होतं. सरळ सांगा, "अरे आपण तेच पैसे फिरवतोय, मला तुझे पैसे नकोत, मला वाढदिवसाला सकाळी तुझा फोन हवाय आणि तो अर्धा तास चालला पाहिजे." रडू आलं होतं हेही सांगा. लपवू नका.

आणि पैसे कायमचे बाद करा असंही नाही. कुणाचा पन्नासावा आला, कुणी घर बदललं, कुणाचं मोठं आजारपण झालं तर दोघांनी मिळून तिसऱ्याला एकदाच भरघोस द्या आणि त्या वेळी आधीच सांगून टाका की हे परत करायचं नाहीये. दोघांनी सारखेच घालायचे असंही काही नाही, ज्याला जमेल तेवढे त्याने एकाकडे द्यावेत आणि कुणी किती दिले ते तिसऱ्याला कधीच कळू देऊ नये. 8 वर्षांत सारख्या रकमा फिरवून जे झालं नाही ते अशा एका वेळेने होतं.

प्रश्न: मी 31 वर्षांचा आहे. माझी ताई माझ्यापेक्षा 9 वर्षांनी मोठी आहे, तिचं उत्तम चाललंय, माझी नोकरी गेल्या वर्षी गेली आणि आता जे मिळेल ते काम करतोय. ती दर वाढदिवसाला मला मोठी रक्कम पाठवते, यंदा तर नेहमीच्या दुप्पट पाठवली. मी तिला तेवढं कधीच देऊ शकत नाही. मागच्या वर्षी मित्राकडून उसने घेऊन तिला तेवढेच पाठवले होते, ते अजून फेडतोय. यंदा तिचे पैसे आले तर मी थँक्यू पण लिहिलं नाही, काय लिहावं कळेना. आता ती पण गप्प आहे. मी काय करू?

उत्तर: आज तिला फोन कर. मेसेज नको, फोनच.

तुझं पत्र वाचून मला माझाच धाकटा भाऊ आठवला, म्हणून तुझ्या ताईच्या बाजूने काय चाललं असेल ते मी तुला सांगू शकते. माझ्या भावाचा धंदा बंद पडला तेव्हा त्याच्या वाढदिवसाला मी त्याला पैसे पाठवले आणि ट्रान्सफर करताना खाली नोट लिहायची जागा असते ना तिथे लिहिलं, "सध्या लागतील तुला." मला वाटलं मी किती समजून घेतेय. त्याने सहा आठवडे फोन उचलला नाही. नंतर एकदा भेटल्यावर त्याने मोबाईल काढून मला तीच ओळ दाखवली आणि म्हणाला, "वर्षातला एक दिवस तरी मला गरजू नव्हतं व्हायचं." ती ओळ मी आजही विसरले नाहीये. आणि मी ती लिहिली तेव्हा माझ्या मनात त्याच्याबद्दल फक्त काळजी होती, दुसरं काहीही नव्हतं.

तुझ्या ताईने दुप्पट पाठवले ते तुला कमी लेखायला नाही, तिला माहितीये तुझी नोकरी गेलीये आणि एरवी पैसे दिले तर तू घेणार नाहीस हेही तिला माहितीये, वाढदिवस ही एकच तारीख आहे की ज्या दिवशी ती तुला काही न विचारता देऊ शकते. ती आता गप्प आहे कारण तिला भीती वाटतेय की आपण काहीतरी चुकीचं केलं. दोघं एकमेकांना दुखावलं असं समजून गप्प बसलेत.

फोनवर तीन गोष्टी सांग. पैसे मिळाले आणि उपयोगी पडले, कशाला पडले तेही सांग, घरभाडं भरलं तर घरभाडं म्हण, लाजू नकोस. मागच्या वर्षी उसने घेऊन पाठवले होते हे सांग. हे सांगायला जड जाईल, पण हे तिला कळलं नाही तर ती पुढच्या वर्षीही हेच करेल आणि तू पण. आणि तिसरं, मी तुला तेवढं देणार नाही आता, माझ्या परीने देईन, ते चालवून घे.

तुझ्या परीने म्हणजे काय ते तुझं तू ठरव, पण भावंडांकडे एक गोष्ट असते ती बाहेरच्या कुणाकडे नसते, ते तुम्हाला दहा वर्षांचे असताना ओळखतात. तू घरातले जुने फोटो काढून तिचे नीट स्कॅन करून दिलेस, तिच्या घरातलं एखादं रखडलेलं काम दिवसभर बसून करून दिलंस, तर ते तिला कुणी विकत देऊ शकत नाही. बरोबरी रकमेची करायला गेलास तर कर्जात जाशील, आणि तिला ते कळल्यावर तिला किती वाईट वाटेल याचा विचार कर. मित्राचे पैसे आधी फेड. ताईचे आलेत त्यातूनच फेडलेस तरी चालेल, तिला सांगून.

ज्या मोठ्या भावाबहिणी हे वाचतायत त्यांना एकच विनंती, पैसे पाठवताना त्या नोटच्या जागेत गरजेबद्दल काही लिहू नका. "वाढदिवसाच्या शुभेच्छा" आणि घरातलं हाक मारायचं नाव, बास.

प्रश्न: मी भावाला वाढदिवसाला पैसे दिले होते की स्वतःसाठी काहीतरी छान घे, त्याने ते मुलाच्या फीमध्ये घातले. मला खूप वाईट वाटलं. मी चूक आहे का?

उत्तर: वाईट वाटणं साहजिक आहे, त्याला ते बोलून दाखवणं मात्र टाळा. पैसे एकदा दिले की ते त्याचे, आणि ज्याला मुलाची फी भरल्यावर रात्री शांत झोप लागते त्याच्यासाठी तेच छान आहे.

तरी तुमच्या इच्छेसाठी एक उपाय आहे. सगळे पैसे सारखे नसतात, आपणच त्यांना वेगळं करतो. व्हिव्हियाना झेलायझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1994 मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलंय, लोक घरात वेगवेगळ्या डब्यांत, पाकिटांत पैसे ठेवतात आणि एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाला लावताना कचरतात. अकाउंटला पाठवलेली रक्कम पगारात मिसळून जाते आणि पगाराचं जे होतं तेच तिचं होतं. पाकिटात घालून, वर स्वतःच्या हाताने काहीतरी लिहून दिलेली रक्कम फीमध्ये घालताना माणूस दोनदा विचार करतो. माझ्या मोठ्या बहिणीने मला एकदा असं पाकीट दिलं होतं, वर तिच्या त्या तिरक्या अक्षरात "चष्म्यासाठी, फ्रेम चांगली घे" एवढंच. त्याआधी दोन वर्षं मी काडी मोडलेला चष्मा चिकटपट्टी लावून वापरत होते आणि ते तिने एका भेटीत पाहिलं होतं, बोलली मात्र काही नव्हती. पाकीट तीन महिने कपाटात तसंच होतं, घरात पैशांची ओढाताण असूनही त्याला हात लावावासा वाटला नाही, मग एक दिवस जाऊन फ्रेम घेतली आणि दुकानातूनच तिला फोटो पाठवला.

पुढच्या वर्षी तसं करून बघा, पण वर काहीतरी नेमकं लिहा, "स्वतःसाठी काहीतरी छान" असं मोघम नको. त्याच्याकडे काय मोडलंय, काय जुनं झालंय हे बघायला एकदा त्याच्या घरी जाऊन या. आणि तरीही त्याने फी भरली तर भरू दे.