जुनी गाडी आणि प्रदूषण चाचणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गाडी प्रदूषण चाचणीत उत्तीर्ण व्हावी म्हणून काय करावे, असे अनेक वाचकांनी विचारले आहे. त्यांपैकी ज्यांनी चाचणीच्या कागदावरील आकडे कळवले, त्यांना नेमके उत्तर देता येते. नुसते ‘नापास’ या शब्दावरून दोष कळत नाही. कोणता वायू वाढला आणि त्याच वेळी दुसरा कोणता कमी राहिला, यावरून तो बहुधा कळतो. म्हणून गॅरेजमध्ये जाताना तो कागद सोबत न्यावा आणि एकही भाग बदलण्यापूर्वी मेकॅनिकला तो वाचायला लावावा, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : माझी इंजेक्शनची पेट्रोल गाडी १७ वर्षांची आहे. चाचणीत कार्बन मोनॉक्साइड मर्यादेपेक्षा बरेच जास्त, हायड्रोकार्बन किंचित जास्त आणि लॅम्डा (हवा व पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९४ आला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) बदलावा लागेल, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. तो भाग महाग असल्याने विचारतो, बदलू का?

उत्तर : आत्ताच बदलू नका. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण लागते आणि ते जुळले की लॅम्डा १ येतो. तुमचा ०.९४ आहे, म्हणजे इंजिनाला गरजेपेक्षा सुमारे ६ टक्के कमी हवा मिळते आहे; मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘रिच’ चालते आहे. अशा धुरात कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकण्यापुरता ऑक्सिजनच उरत नाही, त्यामुळे कन्व्हर्टर चांगला असला तरी त्याला आपले काम करता येत नाही. नवा बसवला तरी आकडा मर्यादेत येण्याची शक्यता कमी आहे आणि मूळ दोष तसाच राहिला, तर तो नवा भागही जास्त तापून लवकर निकामी होईल.

सर्वप्रथम थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची (कूलंटची) वाट तापमानानुसार उघडणारा व्हॉल्व्ह, पाहावा. तो उघडा अडकला असेल, तर इंजिन कधीच पुरेसे तापत नाही, तापमानाचा काटा नेहमीच्या जागेच्या खालीच राहतो आणि इंजिन थंड आहे असे समजून संगणक जादा पेट्रोल देत राहतो. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर चुकीचे तापमान सांगत असेल, तरी परिणाम हाच होतो. फक्त अशा वेळी काटा योग्य जागी दिसू शकतो, म्हणून सेन्सरचे तापमान स्कॅनरवर स्वतंत्रपणे वाचून घ्यावे. त्यानंतर धुरातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर. साध्या प्रकारच्या सेन्सरचा संकेत गरम इंजिनावर सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत आणि झपाट्याने वरखाली व्हायला हवा. तो खालच्या टोकालाच अडकला असेल, तर संगणकाला हवा जास्त झाल्याचा भास होतो आणि तो पेट्रोल वाढवतो. सेन्सरच्या आधीच्या भागात, विशेषतः एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमध्ये, फट असेल तरी असेच घडते, कारण धुराच्या दोन झोतांच्या मधल्या क्षणी त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. या कारणामुळे पूर्णपणे निर्दोष सेन्सर बदलले जातात, याचे मला फार वाईट वाटते. नवा सेन्सर घेण्याआधी इंजिन थंड असताना सुरू करून मॅनिफोल्डजवळ टकटक असा आवाज येतो का, हे ऐकावे.

जुन्या गाड्यांत आणखी दोन गोष्टी आढळतात. पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला जोडलेली व्हॅक्यूमची नळी असेल, तर ती काढून पाहावी. ती आतून पेट्रोलने ओली असेल, तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे आणि पेट्रोल थेट इंजिनात ओढले जात आहे. दुसरी गोष्ट म्हणजे इंजिन ऑइल. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइलमधून सुटणारी वाफ ब्रीदरच्या (वाफ बाहेर काढणाऱ्या नळीच्या) वाटेने पुन्हा इंजिनात जाते आणि दोन्ही आकडे वाढवते. ऑइल व फिल्टर बदलल्याने येथे चांगला फरक पडतो. एअर फिल्टर मळका असेल तर जरूर बदला, पण इंजेक्शनच्या गाडीत आत येणारी हवा मोजूनच पेट्रोल दिले जाते, त्यामुळे एवढ्या दोषाचे मूळ तेथे असण्याचा संभव कमी आहे.

हे सर्व झाल्यावर, गरम इंजिनावर सुमारे २५०० आरपीएमला लॅम्डा ०.९७ ते १.०३ या दरम्यान आला आणि तरीही कार्बन मोनॉक्साइड जास्तच राहिला, तर मात्र तुमच्या मेकॅनिकचे म्हणणे बरोबर आहे आणि कन्व्हर्टर बदलावा.

प्रश्न : माझ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड अगदी कमी, पण हायड्रोकार्बन फार जास्त आले. पेट्रोल कमी करावे म्हणून मी मिक्श्चर स्क्रू आवळला, तर हायड्रोकार्बन आणखी वाढले. असे का झाले?

उत्तर : हायड्रोकार्बन म्हणजे न जळता बाहेर पडलेले पेट्रोल. कार्बन मोनॉक्साइड कमी आहे, याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल आधीच कमी होते किंवा ठिणगीत दोष होता. तुम्ही ते आणखी पातळ केल्यावर काही फेऱ्यांत मिश्रण पेटलेच नाही आणि जसेच्या तसे सायलेन्सरमधून बाहेर गेले.

स्क्रू मूळ जागी आणा आणि प्रथम चोरवाटेने येणारी हवा शोधा : कार्ब्युरेटरच्या तळाचे गॅस्केट, ब्रेक सर्व्होची नळी, तडकलेले रबरी व्हॅक्यूम पाइप. त्यानंतर प्लगमधील अंतर, प्लगच्या वायर, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि पॉइंट तपासावेत व टायमिंग लावून घ्यावे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागात) पुरेसे अंतर नसेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि हायड्रोकार्बन वाढते. हे कारण सहज नजरेतून सुटते. मिश्रण सर्वांत शेवटी जुळवावे, तेही इंजिन पूर्ण तापलेले, चोक पूर्ण उघडा आणि एअर फिल्टर जागेवर असताना. टॅपेट आणि टायमिंग बदलले की मिश्रणाचा आकडाही बदलतो, म्हणून हा क्रम उलटा केल्यास सारी मेहनत वाया जाते.

प्रश्न : डिझेल गाडीच्या चाचणीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन रेस करतात. माझी गाडी जुनी आहे. इंजिनाला धोका आहे का? काळा धूर कमी कसा करावा?

उत्तर : धोका प्रामुख्याने टायमिंग बेल्टचा आहे. तो ठरलेल्या मुदतीत बदलल्याची नोंद नसेल, तर चाचणीपूर्वी बदलून घ्यावा, कारण त्या वेगात बेल्ट तुटला तर बहुतेक डिझेल इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मोठे नुकसान होते. ज्या इंजिनात बेल्टऐवजी चेन आहे, तेथे थंड इंजिनावर खडखडाट येतो का, ते पाहावे. ऑइलची पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये असावी. ती वरच्या खुणेच्या पुढे गेलेली असणेही चांगले नाही. ऑइल पूर्ण तापल्याशिवाय चाचणी करू देऊ नये.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर, टर्बो व इंटरकूलर यांना जोडणाऱ्या रबरी नळ्यांना गेलेली चीर, काजळीने उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा) आणि टपकणारे इंजेक्टर या क्रमाने तपास करावा. गाडी नेहमी गर्दीत हळू चालत असेल, तर एक्झॉस्टमध्ये काजळी साठलेली असते. सर्व्हिसिंग झाल्यावर, चाचणीच्या आदल्या दिवसांत मोकळ्या रस्त्यावर एक गिअर खाली ठेवून अर्धा तास गाडी चालवली, तर त्यातील बरीच निघून जाते. धूर निळसर असेल, तर इंजिन ऑइल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, तर डिझेल न जळता बाहेर येत आहे किंवा कूलंट आत शिरत आहे. या दोन्ही प्रकारांत वरील उपाय लागू पडत नाहीत.

काजळी धरणारा फिल्टर काढून रिकामी नळी बसवण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो कृपया मानू नका. त्या फिल्टरमध्ये अडकणारे कण इतके सूक्ष्म असतात, की श्वासावाटे ते फुप्फुसांत खोलवर पोचतात.

प्रश्न : चेक इंजिनचा दिवा लागला होता, म्हणून बॅटरीची वायर काढून परत जोडली. दिवा गेला, पण गाडी ‘तयार नाही’ असे सांगून चाचणी नाकारली गेली. हे काय आहे?

उत्तर : वायर काढल्यावर गाडीच्या संगणकाची स्मृती पुसली जाते आणि त्याबरोबर कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ धरणारी यंत्रणा यांच्या स्वयंतपासणीचे निकालही जातात. या तपासण्या पुन्हा पूर्ण होण्यासाठी रात्रभर थंड राहिलेले इंजिन सुरू करणे, काही काळ एकाच वेगाने चालणे, आयडलिंगवर थांबणे अशा ठरावीक परिस्थिती याव्या लागतात. काही दिवस मिश्र स्वरूपाचे ड्रायव्हिंग करा आणि टाकी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवू नका, कारण अनेक गाड्यांत वाफेची तपासणी अशा वेळी होतच नाही.

मूळ दोष मात्र कायम आहे, आणि दिवा लागला त्या क्षणी इंजिनाची जी स्थिती नोंदली गेली होती, ती दोषाच्या तपासाला फार उपयोगी पडणारी माहितीही पुसली गेली. पुढच्या वेळी संगणकाने नोंदलेला दोषाचा कोड स्कॅनरवर वाचून लिहून ठेवावा आणि दुरुस्तीनंतरच पुसावा. दिवा लुकलुकत असेल, तर गाडी जोरात चालवू नये. तो मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटल्याचा, इशारा असतो आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते.

प्रश्न : पेट्रोलच्या टाकीत टाकायच्या क्लीनरचा उपयोग होतो का?

उत्तर : इंजेक्टरवर थर साचला असेल, तर पॉलिइथर अमाइन हे थर काढणारे रसायन असलेल्या क्लीनरचा उपयोग होतो, पण त्यासाठी जवळजवळ पूर्ण टाकी संपावी लागते. चाचणीच्या सकाळी टाकण्यात अर्थ नाही. बिघडलेला सेन्सर किंवा जळलेला व्हॉल्व्ह त्याने सुधारत नाही.

प्रश्न : गाडी फक्त जवळच्या फेऱ्यांना वापरली जाते आणि चाचणी केंद्रही जवळच आहे. त्या दिवशी काय काळजी घ्यावी?

उत्तर : कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानाला काम सुरू करतो. दहा मिनिटांच्या फेरीत तो जेमतेम तापतो आणि रांगेत आयडलिंगवर उभे राहिल्यावर पुन्हा थंड होऊ लागतो. म्हणून लांबच्या रस्त्याने, किमान वीस मिनिटे गाडी चालवून जावे. आपली पाळी जवळ आली असेल, तर इंजिन बंद करू नये. पाळी येण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे २५०० आरपीएमवर ठेवावे, पण उघड्या जागेतच, कारण बंद शेडमध्ये साठणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. एसी आणि दिवे बंद ठेवावेत.

गाडी महिनोन्‌महिने उभी असेल, तर टाकीतील शिळे पेट्रोल काढून ताजे भरावे. आदल्या दिवशी सायलेन्सरच्या टोकाला जाड ओले फडके क्षणभर दाबून धरले आणि वाटेत कुठे फुसफुस ऐकू आली, तर तेथे छिद्र आहे. अशा छिद्रातून हवा मिसळली की धुरातील वायूंचे प्रमाण खरे येत नाही, म्हणून ते बुजवूनच केंद्रावर जावे.