सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने का फिरतात?

कारण ते सगळे एकाच फिरत्या चकतीतून तयार झाले. सुमारे 460 कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा एक प्रचंड ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसू लागला. त्याला आधीपासून थोडी गिरकी होती. आकसताना ती वाढत गेली (कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, आपोआप नाहीसा होत नाही) आणि ढग चपटा झाला. मधोमध सूर्य, भोवतीच्या चकतीत ग्रह.

कल्पना जुनी आहे, जर्मन तत्त्वज्ञ कान्टने 1755 मध्ये आणि फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने 1796 मध्ये मांडलेली. पण एक अडचण कितीतरी वर्षं सुटत नव्हती. सूर्यमालेचं 99.8 टक्के वस्तुमान सूर्यात आहे, म्हणजे बहुतेक गिरकीही त्याच्याकडेच हवी, मग तो इतका सावकाश का फिरतो? विषुववृत्ताशी स्वतःभोवतीच्या एका फेरीला त्याला जवळपास 25 दिवस लागतात. मला तरी यातला हाच भाग सर्वात रंजक वाटतो. सूर्याचं चुंबकीय क्षेत्र आणि सूर्यातून सुटणारे सौरवारे (विद्युतभारित कणांचे झोत) यांनी त्याचा वेग हळूहळू खाल्ला.

2014 मध्ये चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीने एचएल टाउरी या तरुण ताऱ्याभोवतीची अशीच चकती टिपली, आतल्या कड्यांसकट.

शुक्र उलटा फिरतो हे खरं, पण स्वतःभोवती. सूर्याभोवती तोही बाकीच्यांसोबतच जातो.