क्रूझला निघताना पासपोर्टची मुदत किती हवी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मे २०२७ मध्ये सिंगापूरहून पेनांग-फुकेतची चार रात्रींची क्रूझ घेतली आहे. ८ मेला सिंगापूरला पोहोचू, १० तारखेला जहाजावर चढू, १४ला पुन्हा सिंगापूर. माझा पासपोर्ट २ नोव्हेंबर २०२७ला संपतो. एजंट म्हणतो, सहा महिने जवळजवळ आहेतच, कोणी बघत नाही. चालेल का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नाही चालणार, आणि बघतात. सिंगापूरमध्ये शिरताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. ८ मेपासून सहा महिने म्हणजे ८ नोव्हेंबर. तुमचा पासपोर्ट त्याआधी सहा दिवस संपतो. शिवाय बऱ्याच क्रूझ कंपन्या हे सहा महिने जहाज परत किनाऱ्याला लागण्याच्या दिवसापासून मोजतात, म्हणजे तुमच्या बाबतीत १४ नोव्हेंबरपर्यंत मुदत हवी. हिशेब करताना १८० दिवस मोजत बसू नका. महिन्याच्या तारखेला तारीख लावा आणि सहलीतल्या सगळ्यात उशिराच्या तारखेपासून पुढे मोजा.

यात अडवतं कोण, हेही समजून घ्या. बहुतेक वेळा सिंगापूरचा अधिकारी नाही, तर मुंबई-पुण्याच्या विमानतळावरचा चेक-इन काउंटर. प्रवेश नाकारला जाईल असा प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड भरावा लागतो आणि त्याला परतही आणावं लागतं, त्यामुळे काउंटरवरचा माणूस धोका पत्करत नाही. तिथे अडकलात की क्रूझचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत, कारण अपुरी कागदपत्रं ही प्रवाशाची जबाबदारी असं बुकिंगच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. एजंटचं 'कोणी बघत नाही' लेखी मागून पाहा, देणार नाही.

तेव्हा आधी पासपोर्ट, मग व्हिसा, हा क्रम पाळा. नवा पासपोर्ट नव्या नंबरचा येतो. सिंगापूरचा ई-व्हिसा पासपोर्ट नंबरला बांधलेला असतो, म्हणून जुन्या नंबरवर काढलेला व्हिसा नव्या पासपोर्टवर उपयोगाचा नाही. क्रूझच्या ऑनलाइन चेक-इनमध्ये जुना नंबर भरला असेल तर तोही बदलून घ्या. व्हिसा हातात आला की तो मल्टिपल एंट्रीचा आहे ना, तेवढं वाचा. जहाज पेनांगला गेलं की तुम्ही सिंगापूर सोडलंत, परत आलात की तो दुसरा प्रवेश. सिंगापूरचं अरायव्हल कार्डही दोनदा भरायचं : विमानाने उतरताना एकदा आणि जहाजाने परतताना एकदा, दोन्ही वेळा पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत.

प्रश्न : मुदत संपायला अजून आठ महिने आहेत. आत्ताच रिन्यू केला तर उरलेले आठ महिने नव्या पासपोर्टमध्ये मिळतात का? पुण्यात नेमकं काय करायचं?
– एक वाचक, वारजे

उत्तर : उरलेले महिने मिळत नाहीत. नवा पासपोर्ट निघाल्या तारखेपासून १० वर्षांचा असतो. पण मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, आणि परदेशी जायचं ठरलं असेल तर आठ महिन्यांचा मोह सोडलेलाच बरा.

पासपोर्ट सेवा पोर्टलवर 'री-इश्यू' निवडा आणि कारणात मुदत संपत आल्याचा पर्याय घ्या. ३६ पानांच्या पुस्तिकेला १,५०० रुपये, ६० पानांच्या पुस्तिकेला २,०००. तत्काळ हवा असेल तर त्यावर आणखी २,०००. पुण्यातलं सेवा केंद्र मुंढवा रस्त्यावर घोरपडीत आहे. बाणेर-पाषाण लिंक रोडवरचं पासपोर्ट भवन हे प्रादेशिक कार्यालय, अर्ज कुठे अडला तर तिथे जायचं. या दोन जागांमध्ये गफलत करून शहराच्या भलत्या टोकाला पोहोचणारे दर आठवड्याला निघतात. सोबत मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या झेरॉक्स आणि पत्त्याचा पुरावा. आत अ, ब, क असे तीन टप्पे असतात : पहिल्यात कागद स्कॅन होऊन फोटो आणि बोटांचे ठसे, दुसऱ्यात तपासणी, तिसऱ्यात मंजुरी.

घोळ होतो तो पत्त्याचा. सदाशिव पेठेतून वाकडला राहायला गेलात आणि पासपोर्टवर जुनाच पत्ता असेल, तर आत्ताच्या पत्त्याचाच पुरावा लावा. पोलीस व्हेरिफिकेशन त्या पत्त्यावर होतं. घराला कुलूप, फोन उचलला नाही, की 'पत्त्यावर आढळले नाहीत' असा शेरा जातो आणि फाइल थांबते. मग बाणेरला खुलासा देऊन ती पुन्हा पोलिसांकडे पाठवून घ्यावी लागते, त्यात आठवडे जातात. म्हणून अर्ज केल्यावर अनोळखी नंबरचे फोनही उचला आणि त्या दिवसांत गावी जाऊ नका. तत्काळचे जादा पैसे भरले म्हणजे पासपोर्ट तत्काळच मिळेल, असंही नाही. अर्ज त्या रांगेत बसतो की नाही, हे केंद्रावर कागद पाहूनच ठरतं.

नवीन पासपोर्ट आता चिपचे येत आहेत, कव्हरवर सोनेरी खूण असते. तुमचा बिनचिपचा पासपोर्ट त्याच्या मुदतीपर्यंत चालतो, केवळ चिपसाठी बदलायला धावू नका.

प्रश्न : मुलगी सिॲटलला असते. तिने आम्हा दोघांसाठी अलास्काची क्रूझ घेतली आहे. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर आहे आणि तो पासपोर्ट संपला आहे. नवा पासपोर्ट पाच महिन्यांत संपेल.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर असला तरी वैध आहे. दोन्ही पासपोर्ट एकत्र न्या. फक्त रद्द करताना जुन्या पासपोर्टचा कोपरा कापलेला असतो, तो काप व्हिसाच्या पानावर आलेला नाही ना, ते पाहा. मुदतीचं म्हणाल, तर भारतीय पासपोर्टला अमेरिका सहा महिन्यांच्या नियमातून सूट देते, मुक्कामापुरती मुदत असली तरी पुरते. एवढं ऐकून लोक निश्चिंत होतात आणि इथेच फसतात, कारण ही क्रूझ फक्त अमेरिकेची नाही.

सिॲटलहून सुटणारी अलास्काची मोठी जहाजं बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. ही मेहरबानी म्हणून नव्हे. १८८६च्या एका अमेरिकी कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत प्रवासी सोडायचे असतील, तर मध्ये एखाद्या परदेशी बंदराला लागावंच लागतं. आणि ही जहाजं बहुतेक बहामा किंवा पनामासारख्या देशांत नोंदलेली असतात. म्हणजे तुम्हाला कॅनडाचा व्हिसा हवा. 'आम्ही खाली उतरणारच नाही, खोलीतच बसू' हे उत्तर चालत नाही, जहाज कॅनडाच्या हद्दीत शिरतं तेवढं पुरेसं आहे. व्हिसा नसेल तर सिॲटलच्या धक्क्यावरच चढू देत नाहीत.

कॅनडाचा व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. म्हणून आधी पासपोर्ट नवा करा, मग कॅनडाचा अर्ज करा, बायोमेट्रिक्स द्या आणि सोबत क्रूझचं बुकिंग आणि अमेरिकेच्या व्हिसाची प्रत जोडा. मुलीच्या मैत्रिणीचे अमेरिकन आई-वडील पासपोर्टशिवाय, नुसत्या जन्मदाखल्यावर जाऊन आले, असं कानावर येईल. ती सवलत काही क्रूझवर फक्त अमेरिकी नागरिकांना आहे.

प्रश्न : नातवाचा पासपोर्ट २०२२चा आहे, म्हणजे २०३२पर्यंत चालेल ना? आई-वडिलांशिवाय आम्ही आजी-आजोबा त्याला दुबईच्या क्रूझवर नेणार आहोत.
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. २०२२चा असेल तर २०२७मध्ये संपेल. पहिल्या पानावरची तारीख वाचा, अंदाज करू नका. (मूल १५ वर्षांचं झालं की मात्र दहा वर्षांचा पर्याय घेता येतो.) नवा काढताना 'ॲनेक्शर डी'वर (पालकांच्या संमतीच्या घोषणापत्रावर) आई आणि बाबा दोघांच्याही सह्या हव्यात आणि मूल चार वर्षांच्या आतलं असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो घेऊन जा. यूएईलाही सहा महिने मुदत लागते. जहाज मस्कत किंवा दोहाला जाऊन दुबईला परतत असेल तर व्हिसा मल्टिपल एंट्रीचा घ्या. सोबत दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र, त्यांच्या पासपोर्टच्या प्रती आणि मुलाचा जन्मदाखला ठेवा. संमतीपत्र इंग्रजीत करा आणि त्यात प्रवासाच्या तारखा, जहाजाचं नाव घाला.

प्रश्न : मुंबईहून गोवा-लक्षद्वीप क्रूझला पासपोर्ट लागतो का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : नाही. जहाज भारताबाहेर कुठे लागत नसेल तर आधार किंवा मतदार ओळखपत्र चालतं, मूळ कार्ड घ्या. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, त्याची व्यवस्था कंपनी करते का, एवढं विचारा. त्याच जहाजाची श्रीलंकेची फेरी असेल तर मात्र पासपोर्ट, सहा महिने मुदत, सगळं आलं.

प्रश्न : पासपोर्टवर माहेरचं नाव आहे, क्रूझचं बुकिंग सासरच्या नावाने झालं आहे.
– एक वाचक, डेक्कन

उत्तर : बुकिंग बदला, पासपोर्ट नाही. नाव बदलायचं तर री-इश्यू करावा लागतो आणि वेळ जातो. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात आपल्याकडे बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव एकत्र असतं, ते दोन्ही शब्द बुकिंगमध्ये तसेच यायला हवेत. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर यूएईसाठी विशेष जपा, एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर तिथे पर्यटक व्हिसा अडतो.

प्रश्न : क्रूझच्या मध्येच पासपोर्ट हरवला किंवा भिजला तर?
– एक वाचक, औंध

उत्तर : भिजून लॅमिनेशन सुटलं, फोटो किंवा नंबर पुसट झाला तर तो पासपोर्ट खराब धरला जातो. घरी आल्यावर ३६ पानांचा बदलून घ्यायला ३,००० रुपये पडतात. तोवर पुढच्या बंदरावर उतरू देतील याची खात्री नाही. हरवला तर आधी जहाजाच्या गेस्ट सर्व्हिसेसला सांगा, ते बंदरावरच्या एजंटला कळवतात. मग स्थानिक पोलिसांत तक्रार आणि त्या प्रतीसह भारतीय वकिलातीत अर्ज. तिथून मिळणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त भारतात परतण्यापुरतं असतं, त्यावर क्रूझ पुढे चालू ठेवता येत नाही. काही जहाजं पासपोर्ट स्वतःकडे जमा करून घेतात. तसं झालं तर किनाऱ्यावर उतरताना जहाजाचं कार्ड आणि पासपोर्टची रंगीत झेरॉक्स जवळ ठेवा, व्हिसाच्या पानाचीही.