"शाळेत माझ्याशी कुणी बोलतच नाही"

"मॅडम, सकाळी 'ओहायो गोझाइमास' म्हणते, निघताना 'ओसाकी नी शित्सुरेइ शिमास' म्हणते. मधल्या आठ तासांत कुणी चार वाक्यंसुद्धा बोलत नाही. मी त्यांना नकोशी झालेय का?"

जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी माणसांची ही अगदी नेहमीची काळजी. ही मुलगी सांगलीकडची, बारावीपर्यंत आणि पुढेही इंग्रजी माध्यमात शिकलेली. निगाता प्रांतातल्या तीन प्राथमिक शाळांत एएलटी, म्हणजे सहायक भाषाशिक्षिका. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) डिसेंबर होता, तिचा तिथला दुसरा हिवाळा. महिनाअखेर राजीनामा द्यायचा, असं तिचं ठरत आलं होतं.

"नाही गं, तसं नसेल" असं म्हणून अशी शंका जात नाही. म्हणून आधी दोन आठवड्यांची वही ठेवायला सांगितली. कोण बोललं, किती वाजता, कुठे, एवढंच लिहायचं. "मला काय वाटलं" हा रकाना मुद्दाम ठेवला नाही.

वहीतून चित्र स्पष्ट झालं. सकाळी सव्वाआठ ते दुपारी साडेतीन शिक्षकखोलीत जवळजवळ शून्य. जी काही बोलणी झाली ती बूट बदलायच्या फडताळापाशी, जिन्यात, नाहीतर पावणेचारनंतर. कारण सरळ आहे. जपानी प्राथमिक शाळेत वर्गशिक्षक बहुतेक विषय स्वतःच शिकवतो, दुपारचं जेवण मुलांबरोबर वर्गातच घेतो आणि वर्गाची साफसफाईही त्यांच्याबरोबरच करतो. शिक्षकखोलीत तो निवांत येतो मुलं घरी गेल्यावर, आणि हिची सुट्टी सव्वाचारला. रिकाम्या खोलीत दिवसभर बसून ती "माझ्याशी कुणी बोलत नाही" असं म्हणत होती. बोलायला तिथे माणूसच नव्हता.

दुसरं कारण तिच्या करारात होतं, आणि ते बहुतेकांना ठाऊक नसतं. कंपनीमार्फत आलेल्या एएलटीचा करार दोन प्रकारचा असू शकतो. 'हाकेन', म्हणजे कंपनीने माणूस शाळेच्या हाताखाली पाठवलेला असेल, तर शाळा थेट काम सांगू शकते. 'ग्योमु इताकु', म्हणजे काम कंपनीला सोपवलेलं असेल, तर कामाच्या सूचना कंपनीमार्फतच याव्या लागतात. शिक्षकाने थेट सांगितलं तर कायद्याची अडचण होते. हिचा करार दुसऱ्या प्रकारचा निघाला. तासाबद्दल विचारलं की शिक्षक गडबडून "कंपनीला विचारा" म्हणत, आणि ते तिच्या फार जिव्हारी लागलं होतं. त्या कराराने अडतात त्या कामाच्या सूचना. हवापाण्याच्या, मुलांच्या गप्पांना कुणाची हरकत नसते.

तिसरं कारण डबा. ही शाकाहारी. क्यूशोकुच्या, म्हणजे शाळेत मिळणाऱ्या जेवणाच्या, सूपमध्ये बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, म्हणून घरची पोळीभाजी ती टेबलाशी एकटी बसून खायची. दिवसातला सगळ्यात गप्पांचा अर्धा तास असा जात होता.

मग उपमुख्याध्यापकांना, क्योतो-सेन्सेइंना, विचारायचं ठरलं. शिक्षकखोलीचा रोजचा कारभार त्यांच्या हातात असतो, त्यामुळे बाकीच्यांना गाठण्यात अर्थ नव्हता. वाक्य पाठ करून घेतलं: "सोजी ओ इश्शो नी शितेमो ई देस का?", म्हणजे साफसफाई मी बरोबरीने केली तर चालेल का? याला तिन्ही शाळांनी हो म्हटलं. डबा घेऊन वर्गात बसायला दोन शाळांनी होकार दिला, तिसरीने ॲलर्जीच्या नियमांमुळे नाही म्हटलं. त्या नकाराने ती पुन्हा दोन दिवस कोमेजली होती. तो नकार डब्याला आहे, हे त्याच संध्याकाळी वहीत लिहून काढायला सांगितलं. शिवाय 'झासेकि-ह्यो', म्हणजे शिक्षकखोलीत कोण कुठे बसतं त्याचा कागद, मागून घेतला. नावाने हाक मारली की समोरचा माणूस थांबतो.

शरीराकडेही पाहावं लागलं. निगातात डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि तोही आठवडाभर ढगांआड असतो. भाड्याची घरं आतून गार. ती कोतात्सुत, म्हणजे खाली हीटर असलेल्या बुटक्या टेबलाच्या पांघरुणात, पाय घालून तिथेच झोपायची. त्याने घसा कोरडा पडतो, अंग आंबतं, झोप तुटते. झोप अंथरुणातच घ्यायची आणि दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं मोकळ्या उजेडात चालायचं, एवढं तरी पाळायला लावलं. रॉकेलचा हीटर लावण्याआधी भाडेकरारात परवानगी आहे का ते बघायचं, आणि लावला तर दर तासाला एक-दोन मिनिटं खिडकी उघडायचीच. यात हयगय नको.

पैशांचा ताणही होता. रहिवासी कर आदल्या वर्षाच्या कमाईवर लागतो, म्हणून पहिलं वर्ष सुटतं आणि दुसऱ्या जूनपासून अंगावर येतो. तिने त्याची तजवीज केली नव्हती.

राजीनाम्याचा निर्णय 20 जानेवारीपर्यंत बाजूला ठेवला. शाळेचं वर्ष मार्चअखेर संपतं, करारही तेव्हाच, त्यामुळे थांबण्यात नुकसान नव्हतं. मात्र छळ होत असेल किंवा पगार अडवला असेल तर असं थांबू नये, थेट कामगार मानक कार्यालय, 'रोदो किजुन कांतोकुशो', गाठावं. सलग दोन आठवडे झोप आणि भूक उडाली तर 'शिनर्यो-नाइका'चा, म्हणजे मनाच्या ताणातून होणाऱ्या शरीराच्या तक्रारी बघणारा, दवाखाना. विमा असला की खर्चाचा 30 टक्के भाग आपण भरायचा. जगणं नकोसं वाटू लागलं तर दोन आठवडेही मोजू नयेत, त्याच दिवशी कुणाशी तरी बोलावं. तोक्योतली 'टेल' ही संस्था 1973 पासून इंग्रजीत फोनवर ऐकून घेते.

20 जानेवारीला तिने करार वाढवायचं ठरवलं. मार्चअखेर बदल्यांची यादी लागली आणि तिच्याशी सगळ्यात जास्त बोलणाऱ्या चौथीच्या बाई दुसऱ्या शाळेत गेल्या. ती रडली. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात तिने नवा झासेकि-ह्यो मागून घेतला आणि प्रत्येक खुर्चीवर नावाचा उच्चार देवनागरीत लिहिला.